कराचा कौल कुठे झुकेल?

नोव्हेंबर 2020. कॅलिफोर्नियाच्या मतदारांच्या हातातल्या मतपत्रिकेवर सर्वांत वर राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार होते आणि खाली प्रस्तावांची लांबलचक यादी. वरच्या भागात 63.5 टक्के लोकांनी डेमोक्रॅटिक पक्षाच्या जो बायडन यांच्या नावापुढे खूण केली. खालच्या भागात प्रपोझिशन 15 होतं: व्यापारी आणि औद्योगिक जागांवर बाजारभावाप्रमाणे मालमत्ता कर लावायचा आणि तो पैसा शाळांना आणि स्थानिक स्वराज्य संस्थांना द्यायचा. घरं, शेतजमिनी आणि छोट्या मालकांच्या जागा त्यातून वगळल्या होत्या. डेमोक्रॅटिक पक्षाचा त्याला पाठिंबा होता, गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांचा होता, शिक्षक संघटनांचा तर होताच. प्रस्तावाला मतं मिळाली 48 टक्के. तो फेटाळला गेला.

निवडणुकीच्या सुमारे दीड महिना आधीचं चित्र वेगळं होतं. ‘पब्लिक पॉलिसी इन्स्टिट्यूट ऑफ कॅलिफोर्निया’ या नावाजलेल्या संस्थेच्या सप्टेंबरमधल्या पाहणीत 51 टक्के मतदार ‘होय’ म्हणत होते, 40 टक्के ‘नाही’. ऑक्टोबरमध्ये आकडे 49 आणि 45 झाले. म्हणजे 11 टक्क्यांची आघाडी आधी 4 वर आली आणि शेवटी 4 टक्क्यांच्या पराभवात संपली. पाहणी करणाऱ्यांनी काही चुकीचं केलं नव्हतं. त्यांनी विचारलं त्या दिवशी लोकांचं मत खरोखरच तसं होतं. चूक होते ती सप्टेंबरच्या आकड्याला नोव्हेंबरचा निकाल समजणाऱ्यांची, आणि करविषयक प्रस्तावांच्या बाबतीत ही चूक पुन्हा पुन्हा होत आली आहे.

अमेरिकेतल्या सुमारे 24 राज्यांत नागरिकांना सह्या गोळा करून एखादा कायदा किंवा घटनादुरुस्ती थेट मतदानाला ठेवता येते. 1898 मध्ये साउथ डकोटानं ही वाट पहिल्यांदा खुली केली. कॅलिफोर्नियात ती 1911 मध्ये आली. सदर्न पॅसिफिक ही रेल्वे कंपनी तिथलं राजकारण खिशात घालून बसली होती, तिच्या हातून सत्ता काढून घ्यायची म्हणून गव्हर्नर हायरम जॉन्सन यांनी हा अधिकार लोकांना मिळवून दिला. इतर अनेक राज्यांत विधिमंडळच प्रश्न लोकांपुढे ठेवतं. आपल्याकडे कराचा दर विधानसभेत, संसदेत किंवा जीएसटी परिषदेत ठरतो. मतदाराला विचारायचं ते फक्त उमेदवाराबद्दल. तिथे मात्र ‘हा कर लावू का?’ असं मतदारालाच विचारतात आणि त्याच्या उत्तरावर शाळांचं, दवाखान्यांचं, रस्त्यांचं अंदाजपत्रक उभं राहतं. म्हणून हे अंदाज नुसत्या कुतूहलाचा विषय नाहीत. एखाद्या शाळामंडळाला पुढच्या वर्षी किती शिक्षक नेमायचे हे त्यावरून ठरवावं लागतं.

उमेदवाराला दिलेलं मत आणि प्रश्नाला दिलेलं मत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मराठी वाचकाला नव्यानं सांगायला नको. 16 जानेवारी 1967 रोजी गोव्यात जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीन व्हायचं तर फूल, केंद्रशासित राहायचं तर दोन पानं. विलीनीकरणाची मागणी करणारा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष तो कौल 34 हजार मतांनी हरला. त्यानंतर दोनच महिन्यांनी झालेल्या विधानसभा निवडणुकीत गोवेकरांनी त्याच पक्षाला पुन्हा सत्ता दिली आणि भाऊसाहेब बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले. पक्षाच्या बळावरून प्रश्नाचा निकाल सांगायला जाणारा माणूस तेव्हाही चुकला असता.

करविषयक प्रस्तावांच्या इतिहासाला वळण देणारी निवडणूक 6 जून 1978 ची. सत्तरच्या दशकात कॅलिफोर्नियात घरांच्या किमती भराभर वाढत होत्या आणि मालमत्ता कर त्या किमतींवर बसत होता. पगार तेवढाच किंवा निवृत्तिवेतन तेवढंच, आणि कराचं बिल दर फेरमूल्यांकनाला फुगलेलं. राज्याच्या तिजोरीत मात्र अब्जावधी डॉलरची शिल्लक पडून होती. हॉवर्ड जार्विस आणि पॉल गॅन या दोघांनी सह्या जमवून प्रपोझिशन 13 मतपत्रिकेवर आणलं. मालमत्ता कर किमतीच्या 1 टक्क्यापुरता मर्यादित करायचा, मूल्यांकन 1975-76 च्या पातळीवर मागे न्यायचं, पुढे ते वर्षाला फार तर 2 टक्के वाढू द्यायचं आणि घर विकलं गेलं की नव्या किमतीवर आणायचं, अशी ती योजना.

हे मंजूर होईल असं मागच्या अनुभवावरून कुणी सांगितलं नसतं. मालमत्ता करावर मर्यादा घालणारे प्रस्ताव 1968 आणि 1972 मध्ये आपटले होते. 1973 मध्ये तर खुद्द गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी राज्याच्या करांवर आणि खर्चावर मर्यादा घालणारा प्रस्ताव पुढे केला होता, तोही मतदारांनी नाकारला. 1978 मध्ये गव्हर्नर जेरी ब्राउन विरोधात होते, विधिमंडळानं आपला वेगळा सौम्य पर्याय त्याच मतपत्रिकेवर ठेवला होता. पण मतदानाच्या थोडे दिवस आधी लॉस एंजेलिस काउंटीची नवी मूल्यांकनं जाहीर झाली. अनेकांच्या घरांची नोंदलेली किंमत एकदम जवळपास दुप्पट झालेली दिसली. कराचा प्रश्न तोवर वर्तमानपत्रात होता. आता तो घरोघरच्या पाकिटात येऊन पडला. प्रस्ताव 64.8 टक्के मतांनी मंजूर झाला आणि पहिल्याच वर्षी मालमत्ता कराचं उत्पन्न निम्म्याहून अधिक घसरलं.

त्या निर्णयाचे परिणाम सिलिकॉन व्हॅलीत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना आजही दर वर्षी जाणवतात. समजा फ्रीमाँटमधलं एक घर 1980 मध्ये 1 लाख डॉलरला नोंदलं गेलं आणि मालक बदलला नाही. वर्षाला 2 टक्क्यांनी वाढून 2025 मध्ये त्याचं करपात्र मूल्य जेमतेम 2 लाख 44 हजार होतं, म्हणजे मूळ कर सुमारे 2,440 डॉलर. शेजारचं अगदी तसंच घर एखाद्या अभियंत्यानं 15 लाख डॉलरला घेतलं तर त्याचा मूळ कर 15 हजार. एकाच गल्लीत, एकाच शाळेसाठी, एकाच अग्निशमन दलासाठी. आणि तरीही ‘13 ला हात लावू नका’ ही भावना तिथे इतकी खोल आहे, की मार्च 2020 मध्ये शाळांच्या इमारतींसाठी 15 अब्ज डॉलरचे रोखे उभारण्याच्या एका प्रस्तावाला ओळीनं 13 हाच क्रमांक आला तेव्हा गोंधळ उडाला. त्या प्रस्तावाचा 1978 च्या कायद्याशी संबंध नव्हता. तो 47 विरुद्ध 53 असा पडला. 1994 नंतर राज्यपातळीवरचे शाळांचे रोखे पहिल्यांदाच नाकारले गेले. क्रमांकाचा त्यात किती वाटा होता याचा हिशेब कुणी मांडू शकत नाही, पण मतपत्रिकेवरच्या एका आकड्यालाही वजन असतं हे तेव्हापासून अभ्यासक विसरलेले नाहीत.

प्रपोझिशन 15 ची लढाई खरं तर या 1978 च्या कायद्याचीच होती. व्यापारी जागांना मिळणारी सवलत काढून घेतली तर वर्षाला 6.5 ते 11.5 अब्ज डॉलर मिळतील असा सरकारी विश्लेषकांचा अंदाज होता. विरोधकांनी ती रक्कम नाकारली नाही. त्यांनी विचारलं ते एवढंच: जागेचा मालक वाढलेला कर भाडेकरूच्या माथी मारेल, मग कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानाचं काय? आणि आज व्यापारी जागा, उद्या तुमचं घर कशावरून नाही? पहिल्या प्रश्नात तथ्य होतं, दुसरा निव्वळ भीतीचा होता. मतदानाच्या दृष्टीनं दोन्ही सारखेच परिणामकारक ठरले.

सोसायटीच्या वार्षिक सभेत इमारतीला रंग काढायचा का असं विचारलं तर बहुतेक हात वर होतात. सचिवानं दर फ्लॅटमागची वर्गणी वाचून दाखवली की चर्चा सुरू होते. करविषयक प्रस्तावाच्या सुरुवातीच्या पाहण्या या वर्गणी वाचण्याच्या आधीच्या असतात. ‘शाळांसाठी श्रीमंतांवर थोडा कर’ या कल्पनेला पाठिंबा मिळतो. मग दूरचित्रवाणीवर जाहिराती सुरू होतात, तपशील बाहेर येतात, आणि ज्याला नीट कळत नाही तो आहे ते राहू द्यावं या बाजूला सरकतो. हे अज्ञानी माणसाचं वागणं आहे असं काही जण म्हणतात. ते अन्यायाचं आहे. ज्या करारातली कलमं समजली नाहीत त्यावर सही न करणारा माणूस सावध असतो, मूर्ख नसतो.

आर्थर लुपिया या राज्यशास्त्रज्ञानं 1994 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हे बारकाईनं पाहिलं. 1988 मध्ये कॅलिफोर्नियात वाहन विम्याबद्दल एकाच वेळी पाच किचकट प्रस्ताव होते. तपशील न वाचलेले पण विमा कंपन्या कुठल्या बाजूला आहेत एवढं माहीत असलेले मतदार सगळं वाचलेल्यांसारखंच मत देताना दिसले. म्हणजे लोक प्रस्तावामागचा माणूस पाहतात. एलिझाबेथ गर्बर यांनी 1999 च्या आपल्या पुस्तकात पैशाचा हिशेब मांडला: बलाढ्य आर्थिक गटांना पैसा ओतून एखादा प्रस्ताव मंजूर करून घेणं फारसं साधत नाही, पण पाडणं बरंच साधतं. नागरिकांनी आणलेल्या प्रस्तावांपैकी इतिहासात साधारण 40 टक्केच मंजूर झाले आहेत, ही गोष्टही त्याला धरूनच आहे.

2022 मध्ये कॅलिफोर्नियात या दोन्ही गोष्टी एकत्र दिसल्या. त्या वर्षीच्या प्रपोझिशन 30 नं 20 लाख डॉलरपेक्षा जास्त उत्पन्नावर 1.75 टक्के जादा कर सुचवला होता. पैसा जाणार होता प्रामुख्यानं विद्युत वाहनांसाठी आणि वणवे रोखण्यासाठी. सप्टेंबरच्या पाहणीत 55 टक्के लोक बाजूनं होते. पण मोहिमेचा बहुतेक पैसा लिफ्ट या टॅक्सीसेवा कंपनीनं दिला होता, आणि राज्याच्या नियमांनुसार लिफ्टच्या चालकांना पुढे विद्युत वाहनांकडे वळावंच लागणार होतं. गव्हर्नर न्यूसम स्वतः जाहिरातीत आले आणि हा एका कंपनीचा डाव असल्याचं त्यांनी सांगितलं. डेमोक्रॅटिक पक्षाची अधिकृत भूमिका प्रस्तावाच्या बाजूनं होती, तरी ऑक्टोबरच्या पाहणीत बाजू घेणारे 41 टक्क्यांवर आले. निकाल 42.4 टक्के. महिन्याभरात 14 टक्के मतदार हलले, आणि त्यांना हलवलं ते कराच्या दरानं नव्हे. प्रस्तावाच्या पाठीशी कोण उभं आहे, या माहितीनं.

मग नियम सरळ आहे असं वाटेल: सुरुवातीला आघाडी कितीही असो, करवाढीचा प्रस्ताव घसरतो. पण त्याच क्रमांकाचा, दहा वर्षांपूर्वीचा प्रपोझिशन 30 या नियमात बसत नाही, आणि म्हणूनच तो जास्त शिकवतो.

2012 मध्ये जेरी ब्राउन पुन्हा गव्हर्नर होते. मंदीनं राज्याची तिजोरी रिकामी केली होती. त्यांनी अडीच लाख डॉलरच्या वरच्या उत्पन्नावर सात वर्षांसाठी आणि विक्रीवर चार वर्षांसाठी वाढीव कर सुचवला. ऑक्टोबरअखेरच्या पाहणीत पाठिंबा 48 टक्के, विरोध 44. मोहिमा चालवणाऱ्यांच्या ठोकताळ्यानुसार 50 च्या खाली गेलेला प्रस्ताव संपला. शिवाय मॉली मंगर या वकिलीणबाईंनी आपला वेगळा करवाढीचा प्रस्ताव त्याच मतपत्रिकेवर आणल्यानं मतं फुटण्याची भीती होती. निकाल लागला तेव्हा ब्राउन यांच्या प्रस्तावाला 55.4 टक्के मतं होती, मंगर यांच्या प्रस्तावाला 30 टक्केही नव्हती.

या यशाचं पहिलं कारण अंदाजपत्रकात दडलेलं होतं. ब्राउन आणि विधिमंडळानं ते अशा तऱ्हेनं लिहिलं होतं की प्रस्ताव पडला तर सुमारे 6 अब्ज डॉलरची कपात आपोआप लागू होणार होती, आणि तिचा मोठा भाग शाळांवर पडणार होता. एरवी ‘नाही’ म्हणजे आहे ते चालू राहणं. इथे ‘नाही’ म्हणजे शाळेचं वर्ष काही आठवड्यांनी लहान होणं. पालकांना ते कळलं. दुसरं, त्या सप्टेंबरमध्ये राज्यानं ऑनलाइन मतदार नोंदणी सुरू केली आणि तरुण मतदारांची नोंदणी वाढली. जुन्या पद्धतीनं ‘मतदानाला येण्याची शक्यता असलेले’ मतदार निवडणाऱ्या पाहण्यांत हे तरुण कमी पकडले गेले. तिसरं, करवाढीच्या विरोधातल्या मोहिमेला अ‍ॅरिझोनातल्या एका संस्थेकडून 1 कोटी 10 लाख डॉलर आले होते आणि मूळ दाते कोण हे लपवलेलं होतं. राज्याच्या निवडणूक खर्च आयोगानं न्यायालयात जाऊन मतदानाच्या आदल्या दिवशी त्या पैशाचा माग उघड करवून घेतला. विरोधाचा पैसा कुठून येतो हाच शेवटच्या आठवड्यांत चर्चेचा विषय होऊन बसला होता.

विरोधच संघटित नसला तर काय होतं याचं उदाहरण मॅसॅच्युसेट्समध्ये सापडतं. 2002 मध्ये राज्याचा प्राप्तिकर पूर्ण रद्द करण्याचा प्रस्ताव तिथे आला. कुणी फारसं लक्ष दिलं नाही, विरोधी मोहीमही नावापुरती, आणि 45 टक्के लोकांनी ‘होय’ म्हटल्यावर राज्यकर्त्यांना घाम फुटला. 2008 मध्ये तोच प्रश्न पुन्हा आला. या वेळी शिक्षक आणि इतर संघटनांनी लाखो डॉलर खर्चून समजावलं की हा कर गेला तर काय काय बंद होईल. ‘होय’ 30 टक्क्यांवर आलं. प्रश्न तोच, मध्ये सहा वर्षं. त्याच राज्यात 2022 मध्ये 10 लाख डॉलरच्या वरच्या उत्पन्नावर 4 टक्के जादा कर 52 टक्क्यांनी मंजूर झाला, तोही चढत्या दराचा प्राप्तिकर पाच वेळा नाकारून झाल्यावर.

इलिनॉयमध्ये 2020 साली याच्या उलट घडलं. सगळ्यांना एकच 4.95 टक्के दर लावण्याचं घटनेतलं बंधन काढून चढते दर आणायचे होते. आधीच्या पाहण्यांत सुमारे दोन तृतीयांश लोक अनुकूल होते. गव्हर्नर जे. बी. प्रित्झकर यांनी पदरचे 5 कोटींहून अधिक डॉलर घातले, विरोधात केन ग्रिफिन या गुंतवणूकदारानंही 5 कोटींहून अधिक घातले. बहुतेक लोकांचा कर वाढणार नाही हे आधीच्या कायद्यात लिहिलेलं होतं. पण विरोधकांनी एकच शंका पेरली: आमदारांच्या हाती दर बदलण्याची मोकळीक दिली तर उद्या ते कुणाकुणावर वाढवतील? ज्या राज्यात एकामागून एक गव्हर्नर तुरुंगात गेलेले लोकांनी पाहिले, तिथे ही शंका रुजायला वेळ लागला नाही. प्रस्तावाला या प्रश्नावरची 60 टक्के मतं किंवा निवडणुकीत मतदान केलेल्या सगळ्यांपैकी निम्म्याहून अधिकांची मतं हवी होती. या प्रश्नावरची मतं पडली 46.7 टक्के.

अलीकडे अंदाजासाठी आणखी एक साधन आलं आहे. अमेरिकेत कालशीसारख्या बाजारांवर निवडणुकीच्या निकालांवर कायदेशीर सौदे करता येतात. ‘मंजूर होईल’ या सौद्याची किंमत 70 सेंट असेल तर बाजार 70 टक्के शक्यता धरतो आहे असं समजायचं. राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत तिथे प्रचंड उलाढाल होते, म्हणून त्या किमतीला काही अर्थ असतो. एखाद्या राज्याच्या कर प्रस्तावावर मोजकेच लोक पैसे लावत असतील, तर ती किंमत शेवटच्या पाहणीचीच पुनरुक्ती करत राहण्याचा धोका असतो. तिला स्वतंत्र पुरावा मानणं घाईचं ठरेल.

त्यापेक्षा मतपत्रिकेवरची वाक्यं वाचणं जास्त उपयोगाचं. कॅलिफोर्नियात ती राज्याचे अ‍ॅटर्नी जनरल लिहितात, जास्तीत जास्त 75 शब्दांत. आणि त्याबरोबर घरी येणारी माहितीपुस्तिका हिंदीसह दहा भाषांत मिळते. कोलोरॅडोत 1992 मध्ये मंजूर झालेल्या ‘टेबर’ या घटनादुरुस्तीनं वाक्याची सुरुवातच बांधून दिली आहे: राज्याच्या करांत दर वर्षी अमुक इतक्या डॉलरची वाढ करावी का? तेही सगळं मोठ्या अक्षरांत. शाळा, मुलं, दवाखाने हे शब्द त्यानंतर. एवढं असूनही 2022 मध्ये तिथे शाळेतल्या मुलांच्या जेवणासाठीचा प्रस्ताव सुमारे 57 टक्क्यांनी मंजूर झाला. त्यात झळ फक्त 3 लाख डॉलरच्या वर मिळवणाऱ्यांना होती, आणि पैसा नेमका कशावर खर्च होणार हे कुणालाही एका दमात सांगता येत होतं.

वॉशिंग्टन राज्याचं उदाहरण तर अंदाज बांधणाऱ्यानं शेजारी ठेवावं असं आहे. 2010 मध्ये तिथल्या 64 टक्के मतदारांनी श्रीमंतांवरचा प्राप्तिकर नाकारला. बिल गेट्स यांचे वडील त्या प्रस्तावाचे प्रमुख समर्थक होते. 2021 मध्ये विधिमंडळानं मोठ्या भांडवली नफ्यावर 7 टक्के कर लावला, तेव्हा घेतलेल्या सल्लावजा मतदानात 61 टक्के लोक तो रद्द करा म्हणाले. त्यावर विसंबून 2024 चा अंदाज बांधणारा तोंडघशी पडला असता. कर रद्द करण्याचा बंधनकारक प्रस्ताव आला तेव्हा 64 टक्के लोकांनी तो फेटाळून कर कायम ठेवला. आता ‘नाही’ म्हणणं म्हणजे कर ठेवणं होतं, आणि त्या करातून शाळांना आणि पाळणाघरांना पैसे जायला लागलेले होते.

शिवाय 2022 च्या एका कायद्यानुसार करावर परिणाम करणाऱ्या प्रस्तावाच्या मतपत्रिकेवरच एक वाक्य छापावं लागत होतं: मंजूर झाल्यास कुठल्या सेवांचा निधी घटेल. ते काढून टाकावं म्हणून प्रस्तावाचे समर्थक न्यायालयात गेले आणि हरले. 2024 च्या नोव्हेंबरमध्ये वॉशिंग्टनमध्ये चार प्रस्ताव होते. तिघांवर ते वाक्य छापलेलं होतं आणि तिन्ही पडले: एक 64 टक्के विरोधानं, दुसरा सुमारे 62 आणि तिसरा सुमारे 55 टक्के विरोधानं. एवढ्यावरून त्या वाक्यानंच निकाल फिरवला असं म्हणता येणार नाही, कारण चारही प्रस्तावांचे विषय वेगळे होते. चौथा नैसर्गिक वायूच्या वापराबद्दलचा होता, त्यावर असं वाक्य नव्हतं. तो थोडक्या फरकानं, 51.7 टक्के मतांनी, मंजूर झाला.